‘आधी अनुभव घे’ म्हणजे आधी फुकट थांब

अमेरिकेत ट्रकचं लायसन नुकतंच काढलेल्या पोराने लोकल, म्हणजे रोज घरी परत येण्याची, नोकरी घ्यावी की लांब पल्ल्याची, आणि लोकलच्या पगारात त्याचं भागतं का, हा वाद इतक्या वेळा झालाय की दोन्ही बाजूंची वाक्यं आता पाठ झालीयेत. एक बाजू म्हणते लोकलला पैसा नाही, आधी दोन वर्षं रोडवर जा, ट्रकमध्येच झोप, अनुभव घे, मग बघू. दुसरी बाजू म्हणते कोण म्हणतं पैसा नाही, यूपीएस या पार्सल कंपनीचा ड्रायव्हर वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर घेतो आणि रात्री घरी जेवतो. आणि गंमत म्हणजे दोघंही आकडा सांगतात तो वर्षाचा किंवा आठवड्याचा, त्या आकड्यासाठी किती तास द्यावे लागले हे कुणीच सांगत नाही.

तो १ लाख ७० हजारचा आकडा आधी बघू, कारण तो फार फिरलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीएस आणि ड्रायव्हरांच्या टीमस्टर्स युनियनचा नवा करार होत होता तेव्हा कंपनीच्या सीईओ कॅरल टोमे म्हणाल्या की पाच वर्षांच्या कराराच्या शेवटी फुलटाइम ड्रायव्हरला सरासरी साधारण १ लाख ७० हजार डॉलर मिळतील, पगार आणि बेनिफिट्स धरून. लोकांनी ‘कराराच्या शेवटी’ सोडून दिलं, ‘बेनिफिट्स धरून’ पण सोडून दिलं, म्हणजे हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शन हातात पडणाऱ्या पगारात मिसळून टाकली, आणि उरला तो आकडा घेऊन निघाले. टॉप रेटला पोचायला फुलटाइम ड्रायव्हरला चार वर्षं लागतात, त्याच्या आधी बरेच जण गोदामात पार्टटाइम पार्सलं उचलतात ते वेगळंच. वर ती तपकिरी डिलिव्हरी गाडी चालवायला कमर्शियल लायसन लागतच नाही, म्हणजे ज्याने काही हजार डॉलर भरून ट्रकची शाळा केली त्याच्याशी तुलना करायला निवडलेलं उदाहरणच दुसऱ्या धंद्यातलं. लोकलला पैसा नाही म्हणणाऱ्यांचा आकडा जरा बरा आहे पण तोही आंधळा. सरकारच्या कामगार आकडेवारी खात्याप्रमाणे मे २०२३ मध्ये जड ट्रक चालवणाऱ्यांचा मधला पगार वर्षाला ५४,३२० डॉलर होता, निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. त्यात वीस वर्षांचे मुरलेले पण आले, काल लागलेले पण आले, आठवड्याला ४० तास करणारे आणि ६५ तास करणारे एकाच ढिगात.

माझं मत सरळ आहे. नव्या ड्रायव्हरला बहुतेक लोकल नोकऱ्या पुरेसं देत नाहीत, आणि तो नवीन आहे हे त्याचं मुख्य कारण मला पटत नाही. त्याच्या दिवसातले बरेच तास अर्ध्या दराने किंवा फुकट विकत घेतले जातात आणि नवीन माणसाच्या वाट्याला असे तास सगळ्यात जास्त येतात, खरं दुखणं तिथे आहे. ‘मग लांब पल्ल्यावर जा’ हा सल्ला तर अजूनच उलटा, कारण तिकडे हेच दुखणं दुप्पट आहे, फक्त ते मैलांच्या हिशोबात लपतं.

लोकल म्हणजे एक नोकरी नाही हे वाद घालणारे विसरतात. हॉटेलांना आणि शाळांना माल पोचवणारा फूड सर्व्हिसवाला पहाटे दोन-तीनला गाडी काढतो, गल्लीबोळात ट्रेलर घालतो, रॅम्प लावतो आणि हँडट्रकवरून शेकडो खोकी स्वतः उतरवतो, त्याला ड्रायव्हर म्हणावं की हमाल हा प्रश्न आहे. एलटीएलवाला, म्हणजे एकाच ट्रेलरमध्ये दहा गिऱ्हाइकांचा माल घेऊन फिरणारा, सकाळी डिलिव्हरी आणि दुपारी पिकअप करतो. काँक्रीटचा रेडीमिक्सवाला आणि डंप ट्रकवाला हंगामी, थंडीत बर्फ पडला की घरी. बंदरातून कंटेनर ओढणारा ड्रेएजवाला फेरीमागे पैसे घेतो आणि टर्मिनलच्या गेटबाहेर रांगेत उभा राहतो. पेट्रोलचा टँकरवाला यातल्या त्यात बरा कमावतो, पण त्याला हॅझमॅट (धोकादायक माल) आणि टँकरची वेगळी परवानगी लागते आणि इन्शुरन्सवाले नव्या पोराला त्या गाडीजवळ फिरकू देत नाहीत. तर नव्याला दार उघडं कुठे असतं? जिथे कंबर मोडते तिथे, जिथे हंगाम संपला की काम संपतं तिथे, आणि जिथे रांगेत थांबायचे पैसे मिळत नाहीत तिथे. चांगल्या लोकल नोकऱ्या आहेत, कुणी नाही म्हणत नाही, पण ‘लोकलला पैसा आहे’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा दहा वर्षांनी मिळणाऱ्या नोकरीचं वर्णन पहिल्या वर्षाच्या पोराला ऐकवत असतो.

आता हिशोब करू, आकडे समजायला धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. समजा नव्या ड्रायव्हरला तासाला २४ डॉलर मिळतात आणि तो आठवड्याला ५५ तास करतो. साध्या दराने झाले १,३२०. चाळीस तासांनंतर दीडपट मिळाली असती तर ९६० अधिक १५ तासांचे ५४०, म्हणजे १,५००. आठवड्याला १८० डॉलरचा फरक, वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ९,०००. आता दुसरी नोकरी घ्या जिथे दिवसाचे २२० डॉलर ठरलेत आणि दिवस बारा तासांचा आहे, तासाला अठरा आणि काही सेंट पडतात. आणि तिसरी, लांब पल्ल्याची, मैलाला ५० सेंट, आठवड्याला २,२०० मैल, हातात १,१००, पण गाडी चालवणं, तपासणं, माल भरायला थांबणं असे ड्युटीचे ७० तास धरले तर तासाला सोळासुद्धा होत नाहीत, आणि गाडीतच झोपलेल्या रात्री यात धरल्याच नाहीत. आठवड्याचे आकडे शेजारी ठेवले तर तिन्ही जवळपास सारखे दिसतात, १,३२०, १,१०० आणि पाच दिवसांचे १,१००. तासाने भागल्यावर चित्र पूर्ण बदलतं, आणि हा साधा भागाकार कुणी करत नाही कारण पगार सांगताना तास सांगायची पद्धतच या धंद्यात नाही.

पद्धत का नाही याला कायद्यातलं कारण आहे आणि ते बऱ्याच ड्रायव्हरांनाच माहीत नसतं. अमेरिकेत १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट आला, त्याने आठवड्याच्या ठराविक तासांवर दीडपट ओव्हरटाइम देणं बंधनकारक केलं, ती मर्यादा पुढे चाळीस तासांवर आली. पण त्याच कायद्यात एक पळवाट ठेवली: आंतरराज्य माल वाहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला ओव्हरटाइम लागू नाही, कारण १९३५ च्या मोटर कॅरियर अ‍ॅक्टखाली त्याचे तास आधीच सरकारी खातं ठरवतंय, दोन-दोन नियम कशाला. तेव्हा ते पटण्यासारखं असेलही. पण खातं तास ठरवतं ते सुरक्षिततेसाठी, पैशासाठी नाही; जास्तीत जास्त किती राबवता येईल एवढंच ते सांगतं. आणि आंतरराज्य हा शब्द कोर्टांनी इतका ताणलाय की ज्याने राज्याची सीमा कधी बघितली नाही तो लोकल ड्रायव्हरही त्यात येतो, माल दुसऱ्या राज्यातून आलेला असला आणि त्याच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा हा करत असला की झालं. वर सप्टेंबर २०२० मध्ये लोकलवाल्यांच्या तासांच्या नियमात बदल झाला, जे आपल्या ठिकाणापासून १५० एअर माइलच्या (सरळ रेषेत मोजलेल्या) आत फिरतात आणि परत येतात त्यांना तास नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक लॉगमधून सूट आहेच, ती पूर्वी १०० माइल आणि १२ तासांच्या दिवसाला होती, ती १४ तासांच्या दिवसापर्यंत वाढवली. कंपन्यांना सोय झाली हे खरं, काही ड्रायव्हरांनाही झाली. पण तिथेच बघा, चौदा तासांचा दिवस कायदेशीर, आणि त्यातला एकही तास केंद्राच्या कायद्याने ओव्हरटाइमचा नाही. ऑफिसात बसून या ड्रायव्हरचं बिल टाइप करणारा क्लार्क चाळीसच्या वर गेला तर त्याला दीडपट.

आता समोरच्याचा सगळ्यात दमदार मुद्दा. नवा ड्रायव्हर धोक्याचा असतो, हे खोटं नाही. लोकल काम लांब पल्ल्यापेक्षा अवघडच, हायवेवर सरळ जाण्यापेक्षा गल्लीत रिव्हर्स घेणं, आंधळ्या बाजूने डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला, लावणं, पार्क केलेल्या गाड्या, लोंबणाऱ्या वायरी, झाडं, सायकली. आंतरराज्य माल वाहायचा तर कंपनीकडे किमान साडेसात लाख डॉलरचा लायबिलिटी इन्शुरन्स हवाच, आणि एखादा अपघात कोर्टात गेला तर रक्कम त्याच्या कितीतरी वर जाऊ शकते. इन्शुरन्स कंपन्या एक-दोन वर्षं अनुभव मागतात ते काही पोरांचा राग म्हणून नाही. अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. अशा मालकाने नवा पोरगा ठेवला आणि त्याने पहिल्याच महिन्यात कुणाचं छत उखडलं तर मालकच बसतो खाली. हे सगळं मान्य.

पण मग पुढचा प्रश्न विचारायला नको का? एवढा धोका आहे तर शिकवणं कुणाचं काम? फेब्रुवारी २०२२ पासून केंद्राने नव्या ड्रायव्हरसाठी ट्रेनिंगचा नियम आणला, त्यात काय काय शिकवायचं याची यादी आहे, पण स्टिअरिंगवर किमान किती तास बसवायचं हे कुठेच नाही. म्हणजे शाळा पटकन पास करून सोडते, इन्शुरन्सवाला म्हणतो अजून शिका, छोटी कंपनी म्हणते आमच्याकडे नको, आणि मोठ्या लांब पल्ल्याच्या कंपन्या, ज्या आपला बराचसा धोका स्वतःच पेलू शकतात, त्या म्हणतात या आमच्याकडे, पण आमच्या दराने. त्या दराचं काय होतं याचं उदाहरण थेट सुप्रीम कोर्टात गेलेलं आहे. न्यू प्राइम विरुद्ध ऑलिव्हेरा, जानेवारी २०१९. डॉमिनिक ऑलिव्हेरा हा न्यू प्राइम या ट्रक कंपनीतला नवा ड्रायव्हर, ट्रेनिंगच्या नावाखाली हजारो मैल चालवून किमान वेतनसुद्धा मिळालं नाही अशी त्याची तक्रार. कोर्टासमोरचा प्रश्न तांत्रिक होता, ड्रायव्हरला कोर्टात जाता येईल की लवादातच जावं लागेल असा, आणि निकाल एकमताने ड्रायव्हरच्या बाजूने लागला. पुढे कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. ‘आधी अनुभव घे’ म्हणणाऱ्यांनी अनुभव म्हणजे नेमकं काय घ्यायला सांगतोय ते जरा बघावं. धोका पेलायचा खर्च खरा आहे, पण तो गिऱ्हाईक, कंपनी, इन्शुरन्स आणि सरकार यांच्यात वाटला न जाता सगळ्यात कमी पैसेवाल्या माणसाच्या पगारातून वळता होतोय, याला अनुभव हे छान नाव दिलंय एवढंच.

हाच युक्तिवाद विमानांच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालला. नवा पायलट म्हणजे शिकाऊ, त्याने छोट्या रिजनल कंपनीत कवडीमोलाने उडवायचं, तास जमवायचे, मग मोठ्या कंपनीत जाऊन कमवायचं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत बाहेर आलं की फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, पगार वर्षाला साधारण १६ हजार डॉलर होता, आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला आईवडिलांकडे राहायची, तिथून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आली होती. त्यानंतर संसदेने अनुभवाचे तास वाढवले, १,५०० वर नेले, आणि कंपन्या बरीच वर्षं ओरडत राहिल्या की पायलट मिळत नाहीत. पण २०२२ मध्ये पायलट खरंच मिळेनात तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या रिजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. एका झटक्यात! तोपर्यंत काय, नवा पायलट २०२१ मध्ये कमी शिकलेला होता आणि २०२२ मध्ये एकदम शहाणा झाला? पगार त्याच्या अनुभवावर ठरत होता असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. पगार ठरत होता तो तो किती मुकाट्याने थांबतो यावर.

थांबण्यावरून आठवलं, कारण सगळ्या भांडणाची नाळ तिथेच आहे. ट्रकवाल्याचा दिवस जातो तो चालवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त असं म्हटलं तर लोकल ड्रायव्हर हसून मान डोलावेल. डॉकवर माल घेणारा म्हणतो थांब, धंद्याची रीत अशी की पहिले दोन तास फुकट, त्यानंतर कंपनी गिऱ्हाइकाकडून डिटेन्शन, म्हणजे थांबवल्याचे पैसे, मागते, मिळालं तर मिळालं, आणि मिळालं तरी त्यातलं ड्रायव्हरला किती पोचतं ते कंपनीच्या मर्जीवर. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे खात्याच्या अंतर्गत तपासनिसाने, जानेवारी २०१८ मध्ये यावर अहवाल दिला, त्यात ट्रकलोड क्षेत्रातल्या, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाचा ट्रकभर माल नेणाऱ्या, ड्रायव्हरांचं या थांबण्यामुळे वर्षाला ११० ते १३० कोटी डॉलरचं नुकसान होतं असा अंदाज आहे, आणि सरासरी थांबणं १५ मिनिटांनी वाढलं तर अपघातांचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं असंही. म्हणजे फुकट थांबवणं ही नुसती ड्रायव्हरच्या खिशाची गोष्ट राहत नाही, शेजारच्या लेनमधल्या कारवाल्याचीही होते.

माणसाला गेटवर फुकट उभं करण्याचा शोध काही ट्रकवाल्यांनी लावलेला नाही. लंडनच्या बंदरात १८८९ मध्ये गोदी कामगारांचा संप झाला तो तासाला सहा पेन्ससाठी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यांची दुसरी मागणीही तेवढीच मोठी होती, एकदा कामावर बोलावलं की किमान चार तासांचे पैसे द्यायचे, तासभर काम करून घेऊन हाकलायचं नाही. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार होता. रोज सकाळी गेटवर हजर राहायचं, कायमचा कामगार आला नाही तर पाळी मिळणार, आला तर घरी जा, आणि असं वर्षानुवर्षं. मालक तेव्हाही हेच म्हणायचे की नवीन आहे, शिकतोय, होईल कायम. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, गिरण्याच गेल्या, त्यामुळे हे उदाहरण मी विजयाचं म्हणून देत नाही. पण एलटीएलच्या टर्मिनलवर नवा ड्रायव्हर ‘एक्स्ट्रा बोर्ड’वर असतो, म्हणजे फोन जवळ ठेवून बसायचं, कुणी सुट्टीवर गेलं की रात्री अकराला बोलावणं येणार नाहीतर येणार नाही, त्यात आणि बदलीत मला तरी फरक दिसत नाही. आपल्या महाराष्ट्राने निदान एकदा याचं उत्तर शोधलं होतं, १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला; हमालाचा मालक रोज बदलत असला तरी मजुरी, हजेरी आणि फंड एका मंडळाकडे. आज त्या मंडळांबद्दल तक्रारी भरपूर आहेत, खोटे माथाडी, खंडणी वगैरे, त्या खऱ्या आहेत. तरीपण ट्रकमधला माल उतरवणाऱ्याचं काम मोजायचं कुणी आणि पैसे द्यायचे कुणी हे कायद्यात लिहिता येतं एवढं तर सिद्ध झालं.

लोकल ड्रायव्हर मुळातच कमी कमावणार, संघटना वगैरे लांब पल्ल्यावाल्यांची गोष्ट, असंही कुणी म्हणतं तेव्हा १९३४ सांगावंसं वाटतं. मिनियापोलिसमध्ये तेव्हा शहरातल्या शहरात कोळसा आणि किराणा वाहणारे लोकल ड्रायव्हर संपावर गेले, टीमस्टर्सची ५७४ नंबरची शाखा. फेब्रुवारीत कोळशाच्या वखारी, मग मे, मग जुलै. २० जुलैला पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले, साठ-सत्तर जखमी. मालकांची सिटिझन्स अलायन्स म्हणून संघटना होती तिने वर्षानुवर्षं शहरात युनियन उभी राहू दिली नव्हती. ड्रायव्हरांची एक मागणी अशी होती की गोदामाच्या आत काम करणाऱ्यांनाही युनियनमध्ये धरा, मालक म्हणत होते आतले वेगळे बाहेरचे वेगळे. ऑगस्टमध्ये ड्रायव्हर जिंकले. आणि मग उलटंच घडलं, या लोकलवाल्यांनी लांब पल्ल्यावाल्यांना संघटित केलं, कारण लांबचा ट्रकही शेवटी लोकल टर्मिनलवरच येतो. त्या संपातला पुढारी फॅरेल डॉब्ज याच्या नेतृत्वाखाली १९३८ मध्ये अकरा राज्यांचा करार झाला, त्यावरच पुढे टीमस्टर्सचा अध्यक्ष जिमी हॉफाने १९६४ मध्ये देशभराचा नॅशनल मास्टर फ्रेट करार उभा केला, चार लाखांहून जास्त ड्रायव्हर त्याखाली. हॉफा काही संत नव्हता, माफियाशी संबंध, तुरुंग, सगळं झालं. पण त्या काळात नव्या ड्रायव्हरला ‘आधी दोन वर्षं झीज सोस’ असं सांगावं लागत नव्हतं, कारण दर करारात लिहिलेला असायचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं की अशा करारांनीच धंदा बुडत होता, १ जुलै १९८० ला जिमी कार्टरने नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली तेव्हा माल वाहतूक स्वस्त झाली, नवे लोक धंद्यात आले, सगळ्यांचं भलं झालं. स्वस्त झाली हे खरं. आधी परवान्यांची मक्तेदारी होती, ठराविक रस्त्याने ठराविक मालच न्यायचा, परतीला गाडी रिकामी, हा मूर्खपणा होता आणि तो गेला ते बरंच झालं. पण स्वस्ताईतला किती वाटा कार्यक्षमतेचा आणि किती ड्रायव्हरच्या न मोजलेल्या तासांचा हे वेगळं करून कुणी बघतच नाही. मग यलो या ट्रक कंपनीचं उदाहरण निघतं, जुलै २०२३ च्या शेवटी बंद पडली, सुमारे ३० हजार नोकऱ्या गेल्या, बघा युनियनने मारली. अहो, त्या कंपनीने २००३ मध्ये रोडवे ही दुसरी ट्रक कंपनी घेतली, २००५ मध्ये यूएसएफ ही आणखी एक घेतली, कर्जाचा डोंगर केला, आणि तिच्या ड्रायव्हरांनी २००९ मध्ये १५ टक्के पगारकपात कबूल केली होती कंपनी वाचावी म्हणून! पगार कापून वाचली का? चौदा वर्षांनी बंदच पडली.

एक मुद्दा मात्र माझ्याही बाजूला खटकतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात एबी-५ नावाचा कायदा झाला, स्वतंत्र कंत्राटदार म्हणवून घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कर्मचारी धरा म्हणून. म्हणजे ओव्हरटाइम नाही तरी किमान वेतन, थांबण्याचे पैसे, बेकारी भत्ता हे दार उघडलं असतं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रकवाल्यांचं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जुलैत ओकलंडच्या बंदरावर ड्रायव्हरांनीच गेट अडवले, आम्हाला कर्मचारी व्हायचं नाही म्हणून. त्यांना मूर्ख समजणं सोपं आहे, मला ते पटत नाही. ज्याने ट्रकचे हप्ते फेडलेत, ज्याची चार गिऱ्हाइकं पक्की आहेत, त्याला कुणाच्या हाताखाली जायचं नसेल तर तो त्याचा हक्क. पण तिथे गेट अडवणारा हा ट्रकचा मालक होता, आणि आपण बोलतोय त्या नव्या पोराकडे ट्रक नसतोच, किंवा असतो तो कंपनीकडूनच लीजवर घेतलेला, ज्याचा हप्ता, डिझेल आणि इन्शुरन्स त्याच्याच फेरीच्या पैशातून आधी कापला जातो. दोघांना एकाच तराजूत घालून ‘ड्रायव्हरांनाच नको आहे’ म्हणणं ही चलाखी आहे.

आणि रात्री घरी येण्याचं सुख? ते आहे, त्याला किंमत आहे, पोरं बापाला ओळखतात ही छोटी गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच लोकल आणि लांब पल्ल्यात निवड करायची तर मी लोकलच सांगतो. पण कंपनीने ते सुख पगारात धरून कापणं मला समजत नाही. बाकीच्या सगळ्या धंद्यांत माणूस रात्री घरीच जातो, त्यासाठी कुणी त्याचा पगार कमी करत नाही. आणि चौदा तासांच्या दिवसानंतर मध्ये दहा तासांची सक्तीची विश्रांती, त्यात जाणं-येणं, अंघोळ, झोप. घरी येतो म्हणजे झोपायला येतो.

ड्रायव्हर मिळत नाहीत ही ओरडही जाता जाता बघून घ्या. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स या ट्रक कंपन्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये ८० हजारांची टंचाई सांगितली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सरकारच्याच कामगार खात्याच्या नियतकालिकात दोन अर्थतज्ज्ञांनी लिहिलं होतं की हा बाजार बाकीच्या बाजारांसारखाच चालतो, पगार वाढला की माणसं येतात, कायमची टंचाई दिसत नाही. मोठ्या ट्रकलोड कंपन्यांत वर्षाला नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसं बदलत आलीत. भांड्याला भोक असेल तर पाणी कमी आहे असं कोण म्हणतं? आणि हीच संघटना २०२२ मध्ये ड्रायव्हरांना ओव्हरटाइम देणारं विधेयक संसदेत आलं तेव्हा विरोधात उभी राहिली. १९३८ ची पळवाट काढून टाकायची, एवढंच त्या विधेयकात होतं. ते तेव्हा पास झालं नाही, पुढच्या वर्षी परत मांडलं, तेव्हाही नाही. ओव्हरटाइम द्यावा लागला तर डॉकवर ड्रायव्हरला तीन तास बसवणाऱ्याला कंपनी स्वतःच फोन करेल, आज करत नाही कारण त्या तीन तासांची झळ तिला लागतच नाही.

तोपर्यंत नव्या पोराने काय करावं, तर इंटरव्ह्यूमध्ये वर्षाला किती मिळतील हा प्रश्न विचारूच नये, त्याचं उत्तर नेहमी गोड असतं. दर तासाचा की फेरीचा, चाळीसच्या पुढे दीडपट देता का (काही कंपन्या कायदा नसताना देतात, यूपीएसच्या करारात तर आठ तासांनंतरच मिळते), डॉकवर थांबलो तर घड्याळ चालू राहतं का, आणि गेल्या महिन्यात सगळ्यात नवीन ड्रायव्हरचे आठवड्याला किती तास झाले, हे विचारावं. शेवटच्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर तासाला २७ डॉलर सांगणारी नोकरी सोडून २३ वाली, पण घड्याळ चालू ठेवणारी आणि ओव्हरटाइम देणारी घ्यावी. ५५ तासांच्या आठवड्यात २३ वाल्याचे होतात १,४३७ डॉलर ५० सेंट, आणि २७ वाला साध्या दराने १,४८५ वर जातो खरा, पण त्यातले दिवसाला अर्धा-पाऊण तास जरी डॉकवर ‘घड्याळ बंद’ गेले तरी तो मागे पडतो, आणि पहिल्या वर्षाच्या पोराला अर्ध्या तासात सोडणारा डॉक मी तरी अजून ऐकलेला नाही.